एफ्रोनचे शेत आणि यिर्मयाचे मडके : हिब्रू धर्मशास्त्रातील खरेदी-विक्री

दस्तलेखक (धागाकर्ता)

माझे सगळे आयुष्य खरेदीखते, गहाणखते आणि बक्षीसपत्रे लिहिण्यात व तपासण्यात गेले. त्यामुळे कोणताही मजकूर हाती आला की लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, मोबदला किती, चतुःसीमा दिल्या आहेत की नाहीत आणि साक्षीला कोण बसले होते, हे आधी पाहण्याची खोड मला जडली आहे. यहुदी लोक ज्याला तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, ते हिब्रू धर्मशास्त्र मी निवृत्तीनंतर सावकाश वाचायला घेतले. उत्पत्तीच्या पुस्तकातील तेविसाव्या अध्यायाशी पोहोचलो तेव्हा मात्र थबकलो, कारण माझ्यासमोर चक्क एक खरेदीखत होते.

प्रसंग असा आहे. अब्राहामाची पत्नी सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोन येथे वारली. तिला पुरायला अब्राहामाकडे हातभर जमीन नाही. तो तेथील हित्ती लोकांपुढे उभा राहून स्वतःला ‘परका आणि उपरा’ म्हणवतो आणि पुरण्यापुरती जागा मागतो. ते म्हणतात, आमच्यापैकी कोणाच्याही उत्तम कबरेत तू तुझे मृत माणूस ठेव. अब्राहाम वाकून नमस्कार करतो आणि मुद्द्यावर येतो : एफ्रोनच्या शेताच्या कडेला असलेली मकपेलाची गुहा मला पूर्ण किमतीला हवी आहे. एफ्रोन त्या लोकांतच बसलेला असतो. नगराच्या वेशीत येणाऱ्या सर्वांच्या देखत तो उत्तर देतो की शेत तुला दिले, गुहाही दिली, माझ्या लोकांसमक्ष दिली. एकाच वाक्यात ‘दिले’ हे क्रियापद तीन वेळा येते. मागितली होती गुहा, आणि देऊ केले आहे शेतासकट सगळे, हे येथे ध्यानात ठेवावे. अब्राहाम पुन्हा वाकतो आणि शेताचे पैसे घेच म्हणतो. तेव्हा एफ्रोन म्हणतो, महाराज, चारशे शेकेल रुप्याची जमीन, तुमच्या-माझ्यात तिचे काय एवढे?

‘तुमच्याकडून काय घ्यायचे’ असे म्हणत आकडा सांगणारे लोक मी जन्मभर पाहिले आहेत, त्यामुळे हे वाक्य वाचताना मला हसू आले. अब्राहाम मात्र घासाघीस करत नाही. हा फुकट देण्याचा आग्रह त्याने मान्य केला असता, तर ते बक्षीस ठरले असते, आणि देणाऱ्याच्या वारसांनी दोन पिढ्यांनी येऊन ‘आमच्या आजोबांनी नुसते वापरायला दिले होते’ असे म्हटले असते. तो चारशे शेकेल तोलून देतो, आणि मजकूर आवर्जून सांगतो की ते रुपे ‘व्यापाऱ्यांत चालणारे’ होते. त्यानंतर भाषा एकदम बदलते. मम्रेसमोरील मकपेला येथील एफ्रोनचे शेत, त्यातील गुहा, शेतातील आणि त्याच्या चहूकडच्या हद्दीतील सर्व झाडे, ही नगराच्या वेशीत येणाऱ्या सर्व हित्ती लोकांसमक्ष अब्राहामाची मालमत्ता झाली. आपल्याकडील जुन्या दस्तांत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ अशी जी साखळी येत असे, तिचाच हा भाऊबंद वाटला. आधीचे नमस्कार आणि गोड बोलणे ही कथा आहे. पण ही दोन वाक्ये कोणीतरी कागद समोर ठेवून लिहिल्यासारखी आहेत.

मला या धाग्यात धर्मचर्चा करायची नाही. या ग्रंथात जेथे जेथे काही विकले जाते, तेथे नेमके काय विकले जाते, या एकाच प्रश्नाभोवती चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे दुरुस्ती करावी.

तागडी

उत्तम धागा. मी सराफी व्यवसायातला असल्याने माझे लक्ष ‘तोलून दिले’ या शब्दावर गेले. शेकेल हे येथे नाणे नाही, वजन आहे. ‘शाकल’ म्हणजे तोलणे आणि त्यावरून ‘शेकेल’. नाणी पाडण्याची सुरुवातच इसवीसनपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास लिडियात (आजच्या पश्चिम तुर्कस्तानात) झाली, आणि या ग्रंथसंग्रहात नाण्यांचा उल्लेख एज्रा, नहेम्या आणि इतिहास या उत्तरकालीन पुस्तकांत इराणी ‘दारिक’च्या रूपाने येतो. त्याआधी रुप्याच्या लगडी, कांड्या आणि तुकडे तागडीत टाकून व्यवहार होत असे. हेब्रोनच्या दक्षिणेस एश्तमोआ येथे १९६८ साली रुप्याचे तुकडे व मोडके दागिने भरलेली मातीची भांडी सापडली, ती याच पद्धतीची साक्ष आहेत. हिब्रूत पैशाला शब्दच ‘केसेफ’, म्हणजे रुपे. आपला ‘रुपया’ही ‘रूप्य’ या शब्दाशी नाते सांगतो, तेव्हा हे आपल्याला नवे वाटू नये.

यहूदा प्रांतात उत्खननांत चुनखडीची घुमटाकार वजने मोठ्या संख्येने मिळाली आहेत. त्यांवरून शेकेल सुमारे ११.३ ते ११.४ ग्रॅम भरतो. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे मराठी वाचकाने शेकेल वाचताना मनात ‘तोळ्याला थोडा कमी’ म्हणावे. एफ्रोनला मिळालेले रुपे साडेचार किलोच्या आसपास होते.

या वजनांमुळे एक गंमत उलगडली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तेराव्या अध्यायात पलिष्टी या शेजारच्या शत्रूंनी इस्राएलात लोहार राहू दिला नाही, त्यामुळे फाळ आणि कुदळ पाजवायलाही त्यांच्याकडे जावे लागे, असे वर्णन आहे, आणि तेथे ‘पिम’ असा एक शब्द येतो. हा शब्द सबंध ग्रंथात एकदाच आल्यामुळे भाषांतरकार चाचपडत राहिले. इंग्रजीतील प्रसिद्ध जुन्या भाषांतरात त्या जागी ‘कानस’ आली. पुढे ‘पिम’ अशी अक्षरे कोरलेली वजनेच जमिनीतून निघाली. ती साधारण ७.८ ग्रॅमची, म्हणजे शेकेलाच्या सुमारे दोन तृतीयांश आहेत. तेव्हा कुठे कळले की ती कानस नसून पाजवण्याची मजुरी होती.

आता ‘मापात पाप’ या विषयाकडे येतो. वजनाला हिब्रूत ‘एवेन’ म्हणजे दगडच म्हणत. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की तुझ्या पिशवीत एक मोठा आणि एक लहान असे दोन प्रकारचे दगड नसावेत. दोन दगड कशाला, हे आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात समजते. तेथील व्यापारी म्हणतात, एफा लहान करू आणि शेकेल मोठा करू. एफा हे धान्याचे माप आहे. ते लहान असले की गिऱ्हाइकाच्या पदरात कमी धान्य पडते. शेकेल मोठा केला की काय होते, हे तागडी डोळ्यांसमोर आणल्याशिवाय लक्षात येत नाही. एका पारड्यात दुकानदाराचा दगड, दुसऱ्यात गिऱ्हाइकाचे रुपे; दगड जड असेल तर काटा समतोल व्हायला गिऱ्हाइकाला एखादा तुकडा जास्त टाकावा लागतो. म्हणजे देतानाही चोरी आणि घेतानाही चोरी, आणि शिवाय गव्हाचा चाळून उरलेला गाळ त्यात मिसळायचा. आमोस मूळचा तकोवा येथील मेंढपाळ होता. पण बाजारात उभा राहून पाहिल्याशिवाय हे वाक्य लिहिता येत नाही, असे मला धंद्यातला माणूस म्हणून वाटते.

अर्धविराम

धागाकर्त्यांच्या झाडांच्या मुद्द्यावर अभ्यासकांत बराच वाद झालेला आहे. १९५३ साली मॅनफ्रेड लेमन यांनी असे मांडले की हा व्यवहार हित्ती कायद्याच्या चौकटीत पाहिला पाहिजे. त्या कायद्यानुसार सबंध शेत घेणाऱ्याकडे शेतावरील सेवा-चाकरीचे बंधनही जाते, तुकडा घेणाऱ्याकडे जात नाही. म्हणून अब्राहाम नुसती गुहा मागतो आणि एफ्रोन सगळे शेत त्याच्या गळ्यात घालतो, असे त्यांचे म्हणणे होते. कल्पना मोहक आहे, परंतु पुढे ती फारशी टिकली नाही. झाडांची नोंद करणे ही काही हित्ती लोकांची मिरासदारी नव्हती, आणि विकत घेणाऱ्याने मागणी केली, देणाऱ्याने ती ऐकली, मग रुपे तोलले गेले, अशा संवादाच्या साच्यातील दस्त इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातील बाबिलोनमध्ये प्रचलित होते. मला स्वतःला हे दुसरे मत अधिक पटते.

हिब्रू मजकुरात एक बारीक गोष्ट आहे, जी भाषांतरात हरवते. सोळाव्या वचनात एफ्रोनचे नाव दोनदा येते. पहिल्यांदा ते नेहमीसारखे ‘वाव’ अक्षरासह लिहिले आहे; अब्राहामाने त्याला रुपे तोलून दिले तेथे मात्र ‘वाव’ गळलेला आहे. यहुदी टीकाकारांनी त्यावर म्हटले की बोलला फार आणि केले काहीच नाही, म्हणून त्याच्या नावातूनच एक अक्षर कमी झाले. लेखनिकाच्या सवयीचा हा भाग असणार, हे उघड आहे. पण टीका मार्मिक आहे.

मुक्काम_लातूर

चारशे शेकेल ही किंमत जास्त होती का, हा माझा साधा प्रश्न आहे. याच ग्रंथात यिर्मया या संदेष्ट्याने शेत १७ शेकेलांना घेतले, दावीद राजाने खळे आणि बैल मिळून ५० शेकेलांना घेतले, आणि शलमोन राजाच्या काळी मिसरातून (इजिप्तमधून) येणारा घोडा १५० शेकेलांना पडत असे. मग एफ्रोनने सरळसरळ लुबाडले असेच म्हणायला हवे.

दस्तलेखक

लुबाडले असा वास मलाही येतो. पण मजकुरात ना एफ्रोनच्या शेताचे क्षेत्र दिले आहे ना यिर्मयाच्या. क्षेत्राशिवाय दर काढता येत नाही, हे माझ्या हाताखालील शिकाऊ मुलांना मी पहिल्या आठवड्यात सांगत असे. शिवाय या कथा एकाच काळात लिहिल्या गेलेल्या नाहीत.

दावीदाच्या खळ्याचा तर हिशेबच जुळत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात अरवना यबूसीला ५० शेकेल रुपे मिळते, आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्याच जागेसाठी ६०० शेकेल सोने दिले जाते. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातील पंडितांनी यावर तोड काढली की दावीदाने बारा वंशांकडून प्रत्येकी ५० गोळा केले, म्हणून ६०० झाले. सोन्या-रुप्याचा फरक तरीही उरतोच. मला वाटते की नंतरच्या लेखकाच्या दृष्टीने ही जागा मंदिराची होती, आणि मंदिराची जागा एफ्रोनच्या शेताहून स्वस्तात गेली हे त्याला सोसले नसावे. अरवनाही आधी सगळे फुकट देऊ करतो, हे मात्र सांगायला हवे. दावीदाचे उत्तर अब्राहामापेक्षा रोखठोक आहे : ज्याला मला काहीच पडले नाही, असे होमबली मी देवाला अर्पण करणार नाही.

शनिवार_तेल्याचा_नातू

मी बेने इस्राएल समाजातला आहे. कोकणात आमच्या पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा होता, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे अलिबाग-पेणकडील लोकांना ठाऊक असेल. त्यामुळे तागडी यांनी उद्धृत केलेल्या आमोसाच्या वचनाचा आधीचा भाग मला जवळचा वाटतो. ते व्यापारी म्हणतात, अमावास्या कधी सरेल म्हणजे आम्ही धान्य विकू, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) कधी संपेल म्हणजे आम्ही गहू बाजारात काढू. म्हणजे दुकान बंद आहे, नियम पाळला आहे, पण मन गल्ल्यावर आहे.

याचा पुढचा अंक नहेम्याच्या शेवटच्या अध्यायात, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातील यरुशलेमात घडतो. शब्बाथ दिवशी लोक धान्य गाढवांवर लादून आणत आहेत, द्राक्षारस, द्राक्षे आणि अंजिरे येत आहेत, आणि शहरात राहणारे सोरकर, म्हणजे समुद्रकाठच्या सोर नगराचे लोक, मासळी विकत आहेत. नहेम्या हा इराणच्या राजाने नेमलेला अधिकारी होता आणि त्याचा स्वभाव कडक होता. त्याने हुकूम दिला की शब्बाथापूर्वी अंधार पडू लागताच वेशी लावून घ्याव्यात, आणि आपली माणसे तेथे उभी केली. तरीही व्यापाऱ्यांनी एकदोनदा कोटाबाहेरच मुक्काम ठोकला. पहाटेची वाट पाहत बसलेल्या त्या लोकांना नहेम्या म्हणाला, पुन्हा असे केलेत तर हात टाकीन. मग ते शब्बाथ दिवशी फिरकले नाहीत. मासळीवाल्याचा माल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही, त्यामुळे मला त्या सोरकरांविषयी थोडी सहानुभूतीही वाटते. अर्थात सोरचा मासा यरुशलेमास पोहोचेपर्यंत खारवलेला किंवा सुकवलेला असणार, हे मान्य आहे.

पानगळ

सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. परंतु आतापर्यंत शेत, खळे, गहू आणि मासळी यांचीच चर्चा झाली. धागाकर्त्यांचा प्रश्न ‘नेमके काय विकले जाते’ असा असेल, तर त्याचे एक उत्तर ‘माणसे’ असे आहे, आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. आमोसाच्या त्याच वचनात पुढे लिहिले आहे की रुप्याने गरिबाला आणि जोडाभर पायतणासाठी गरजवंताला विकत घेऊ. योसेफाला त्याच्या भावांनी २० शेकेल रुप्यांना इश्माएली व्यापाऱ्यांच्या तांड्याला विकले. राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकात एका विधवेची दोन्ही मुले सावकार गुलाम म्हणून न्यायला आला आहे, आणि अलीशा या संदेष्ट्याच्या चमत्काराने भांडी तेलाने भरतात तेव्हा तो तिला सांगतो की तेल विक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर मुलांसह राहा. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक ओरडत आहेत की शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, आणि आता मुली गुलामीत गेल्या आहेत.

सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मला उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात वाटतो. मिसरात दुष्काळ आहे आणि कोठारांच्या किल्ल्या तेथे कारभारी झालेल्या योसेफाकडे आहेत. पहिल्यांदा लोकांचे सगळे रुपे संपते. मग ते घोडे, मेंढरे, गुरे आणि गाढवे आणून देतात. पुढच्या वर्षी ते येऊन म्हणतात की आता आमची शरीरे आणि जमिनी याखेरीज काही उरलेले नाही, तीही घ्या आणि आम्हाला बी द्या. योसेफ सगळी जमीन फारोसाठी, म्हणजे मिसरच्या राजासाठी, विकत घेतो आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा लावून देतो. फक्त पुरोहितांच्या जमिनी सुटतात. वीस शेकेलांना विकला गेलेला मुलगा येथे एका सबंध देशाची खरेदी करतो, आणि लोक त्याचे आभार मानतात. मजकूर यावर एका शब्दानेही टिप्पणी करत नाही. त्या मौनाचा अर्थ काय लावावा, यावर मी अनेकदा विचार केला आहे.

दस्तलेखक

पानगळ यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आपण जमिनी मोजत बसलो, आणि ज्याची जमीन जाते त्याच्या मागोमाग माणूसही जातो, हे विसरलो. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हाच क्रम आहे. भाऊ दरिद्री होऊन वतनाचा काही भाग विकतो, मग कर्जात पडतो, मग स्वतःला विकतो. त्या अध्यायातील कायदा या घसरणीच्या प्रत्येक पायरीवर अडसर घालायचा प्रयत्न करतो.

कायदा असा की दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, जमीन मूळ कुळाकडे परत जाईल. म्हणून विक्री करताना पुढच्या योबेलपर्यंत किती वर्षे उरली आहेत ते मोजायचे. वर्षे जास्त तर किंमत जास्त, वर्षे कमी तर किंमत कमी. आणि त्याचे कारण पंधराव्या-सोळाव्या वचनांत सांगितले आहे : तो तुला पिकांची संख्या विकत आहे. माझ्या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर मला अन्यत्र मिळाले नाही. जमीन विकली जातच नाही, विकली जातात ती पिके. आपल्या भाषेत सांगायचे तर दस्ताला नाव खरेदीखताचे आहे, पण आत मजकूर भाडेपट्ट्याचा आहे. तटबंदी असलेल्या शहरातील घराला ही सवलत नाही. ते एक वर्षाच्या आत सोडवले नाही तर कायमचे गेले. तट नसलेल्या खेड्यातील घर मात्र शेतात धरले आहे. हा भेद ज्याने केला त्याला खेडे आणि शहर दोन्ही ठाऊक होते.

तेविसावे वचन वाचताना मी पुन्हा थबकलो. जमीन कायमची विकू नये, कारण जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ ‘उपरे आणि परके’ आहात, असे देव तेथे म्हणतो. हेब्रोनच्या वेशीत अब्राहामाने स्वतःसाठी वापरलेले हेच दोन हिब्रू शब्द आहेत, ‘गेर’ आणि ‘तोशाव’. अब्राहाम उपरा होता म्हणून त्याला जमीन विकत घ्यावी लागली. त्याचे वंशज त्या देशाचे मालक झाले, तरी कायद्याच्या नजरेत उपरेच राहिले, म्हणून त्यांना ती कायमची विकता येईना.

नाबोथाची कथा याच्या उजेडात वाचावी. अहाब राजाने इज्रेलातील त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख रुपे देऊ केले होते. व्यवहार म्हणून प्रस्तावात खोट नव्हती. नाबोथ म्हणतो, माझ्या वाडवडिलांचे वतन मी तुला देणार नाही. मराठी भाषांतरकारांनी ‘नहला’ या शब्दासाठी ‘वतन’ शब्द योजला, याबद्दल मला त्यांचे फार कौतुक वाटते. त्या एका शब्दाने मराठी वाचकाला राजाची अडचण आणि नाबोथाचा हट्ट दोन्ही कळतात. पुढे ईजबेल राणी राजाच्या नावाने पत्रे लिहून त्यांवर त्याची मोहोर उठवते, दोन खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथाला धोंडमार होते. लेख, मोहोर, दोन साक्षीदार आणि गावचे वडीलधारे, अशी कायदेशीर खरेदीला लागणारी सगळी सामग्री तेथे हजर आहे, आणि ती खुनासाठी वापरली आहे.

तागडी

एक छोटी भर. ‘एकमेकांना नाडू नका’ हे लेवीय २५ मधील वचन जमिनीच्या किमतीसंबंधी आहे. पुढे मिश्नाकारांनी, म्हणजे यहुदी कायद्याचा संग्रह करणाऱ्या पंडितांनी, त्यावरूनच बाजारातील वाजवी किमतीचा नियम बसवला आणि किमतीत एक षष्ठांश फरक पडला तर दाद मागता येईल असे ठरवले. गंमत म्हणजे या नियमातून त्यांनी जमीन मात्र वगळली. ज्या वचनाचा जन्म शेतात झाला, ते शेवटी माझ्यासारख्या दुकानदाराच्या मानगुटीवर बसले.

गिऱ्हाइकही काही कमी नव्हते. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात आहे की घेणारा ‘वाईट, वाईट’ म्हणतो आणि निघून गेल्यावर फुशारकी मारतो. हे मी रोज पाहतो.

अर्धविराम

रूथच्या चौथ्या अध्यायाचा उल्लेख अजून झाला नाही. बवाज हा नामीच्या नवऱ्याचा नातलग वेशीत जाऊन बसतो, दहा वडील माणसांना बसवतो आणि जवळच्या नातलगाला हाक मारतो. नामी आपल्या मृत नवऱ्याची, अलीमलेखाची, जमीन विकत आहे, ती सोडवायचा, म्हणजे विकत घेऊन कुळातच ठेवायचा, पहिला हक्क तुझा, असे तो सांगतो. नातलग ‘सोडवतो’ म्हणतो. मग कळते की जमिनीबरोबर नामीच्या मृत मुलाची विधवा रूथही येते आणि तिला होणारा मुलगा त्या मृताचे नाव चालवील. तेव्हा नातलग म्हणतो की माझ्याच वतनाचा बिघाड होईल, तूच घे, आणि पायतण काढतो. लेखक मध्येच खुलासा करतो की पूर्वी इस्राएलात व्यवहार पक्का करायची ही रीत होती, म्हणजे त्याच्या वाचकांनाही ती विसरायला झाली होती. पुढे पायतणाच्या जागी फडके आले. आजही यहुदी विवाहात कतुबा या विवाहपत्रावर साक्षीदारांच्या सह्या होण्यापूर्वी वर एक रुमाल किंवा तशी वस्तू धरून आपली जबाबदारी स्वीकारतो, ती याच रिवाजाची खूण आहे.

त्या नातलगाचे नाव मजकुरात नाही. बवाज त्याला ‘पलोनी अलमोनी’ अशी हाक मारतो, म्हणजे अमुकतमुक.

दस्तलेखक

अमुकतमुक नावाने दस्त आला असता तर मी तो परत पाठवला असता. असो.

शेवटी यिर्मयाकडे येतो, कारण मूळ प्रश्न त्याच्या शेतापाशी सर्वांत अवघड होतो. सिद्कीया राजाचे दहावे वर्ष आहे, म्हणजे इसवीसनपूर्व ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या फौजेने यरुशलेमाला वेढा घातला आहे. शहर पडणार असे सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथ येथील माझे शेत तू घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमापासून दीड-दोन कोसांवर, वेढ्याच्या पलीकडे. शत्रूच्या छावणीमागे असलेली जमीन विकायला हनामेल आला आहे, आणि घेणारा तुरुंगात आहे. इतका पडेल सौदा मी तरी पाहिलेला नाही.

असे असूनही सबंध ग्रंथात खरेदीची पद्धत सर्वांत तपशीलवार येथेच लिहिली आहे. यिर्मया लेखावर सही करतो, मोहोर लावतो, साक्षीदार घेतो आणि तागडीत १७ शेकेल तोलतो. लेखाच्या दोन प्रती आहेत, एक मोहोरबंद आणि एक उघडी. उघडी वाचण्यासाठी, आणि वाद झालाच तर मोहोर तोडून आतली पडताळण्यासाठी, ही सोय उघड आहे. एकाच पत्राच्या वरच्या भागात मजकूर लिहून तो गुंडाळून बांधायचा आणि खालच्या भागात तोच पुन्हा उघडा लिहायचा, अशा जोडलेखांची पद्धत पुढे कित्येक शतके टिकली. मृत समुद्राजवळील नहल हेवेरच्या गुहेत १९६१ साली बाबता नावाच्या यहुदी स्त्रीची कातडी पिशवी सापडली. तिच्यात इसवी सन ९४ ते १३२ या काळातील ३५ दस्त होते, आणि त्यांत असे बांधून शिवलेले लेखही आहेत. खजुरांच्या बागांची कागदपत्रे घेऊन ती बाई युद्धात गुहेत लपली होती.

यिर्मया दोन्ही प्रती बारूख या लेखनिकाच्या हाती देतो. हनामेल, सही केलेले साक्षीदार आणि चौकात बसलेले सगळे यहुदी पाहत असतात. त्या मातीच्या भांड्यात घाल म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील, असे तो सांगतो, कारण या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

दस्त तपासताना आम्ही शेवटी ताब्याचे कलम पाहत असू. अब्राहामाच्या बाबतीत ते कलम लगेच भरते, कारण व्यवहार झाल्यावर पुढच्याच वचनात तो साराला त्या गुहेत पुरतो. यिर्मयाच्या बाबतीत मी पुढचे सगळे अध्याय त्याच दृष्टीने वाचले. यरुशलेम पडले, आणि पुढे उरलेले लोक मिसरास पळाले तेव्हा त्यांनी यिर्मया आणि बारूख या दोघांनाही आपल्याबरोबर नेले. त्या शेतात त्याने पाय ठेवल्याचे कोठेही लिहिलेले नाही, आणि मडक्याचा उल्लेखही पुन्हा येत नाही.